वापरणाऱ्याच्या बाजूने: यूएक्स रिसर्चरच्या करिअरची वाट

भाचीचं लग्न तोंडावर आलं आहे. घरात पाहुण्यांची वर्दळ आहे, आणि नेमकं आताच कळतं की नवरदेव अंडरवर्ल्डसाठी सुपाऱ्या घेणारा माणूस आहे. शिवाय त्याचं आधीच एक लग्न झालेलं आहे. पुरावा फक्त मामांकडे आहे. नवरदेवाच्या पहिल्या बायकोला सोबत घेऊन त्यांना ताबडतोब बंगळूर गाठायचं आहे. समोर कॉम्प्युटर आहे, त्यावर विमानाची तिकिटं विकणारी वेबसाइट उघडी आहे. वेळ अजिबात नाही.

प्रसंग हिंदी सिनेमातला वाटतो, आणि तो तसा वाटावा म्हणूनच रचलेला होता. ह्युमन फॅक्टर्स इंटरनॅशनल या कंपनीत काम करणाऱ्या अपाला लाहिरी चव्हाण यांनी सुमारे दोन दशकांपूर्वी वेबसाइट तपासण्याची ही पद्धत मांडली आणि तिला बॉलिवूडचंच नाव दिलं. त्यांच्यापुढची अडचण साधी पण चिवट होती. अमेरिकेत चालणारी चाचणी भारतात नीट चालत नव्हती. एखाद्याला बोलावून वेबसाइट वापरायला दिली आणि मत विचारलं, की तो भिडेपोटी ‘छान आहे’ म्हणायचा. बोलावणाऱ्याच्या तोंडावर त्याच्या कामाला नावं ठेवणं आपल्याकडे बरं दिसत नाही. मात्र भाचीचं आयुष्य वाचवायचं आहे म्हटल्यावर तोच माणूस भीड विसरला. बटण सापडलं नाही की चिडला, पान अडलं की बडबडला, कुठे काय खुपतंय ते भडाभडा बोलून मोकळा झाला.

एखादी वस्तू किंवा सेवा वापरणाऱ्या माणसाचं खरं म्हणणं, त्याला संकोच असला तरी, शोधून काढायचं आणि ती बनवणाऱ्यांपर्यंत पोहोचवायचं, हा आज एक पूर्ण वेळचा व्यवसाय आहे. तो करणाऱ्याला यूएक्स रिसर्चर म्हणतात. यूएक्स म्हणजे ‘युजर एक्सपिरियन्स’, वापरणाऱ्याचा अनुभव. बँका, रुग्णालयांची सॉफ्टवेअर, रेल्वे आरक्षण, सरकारी अर्ज, शाळांची अ‍ॅप, शेतीची यंत्रं, जिथे जिथे माणसाची यंत्राशी किंवा व्यवस्थेशी गाठ पडते, तिथे या कामाला जागा आहे. तरीही ‘मुलगी काय करते’ या प्रश्नाला ‘यूएक्स रिसर्चर आहे’ असं उत्तर मिळालं, तर बहुतेक घरांत पुढचा प्रश्न ‘म्हणजे नेमकं काय करते’ हाच असतो.

विमानाच्या कॉकपिटमधून

या कामाची मुळं इंटरनेटच्या खूप आधीची आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरायची आणि मग धावपट्टीवरच पोटावर आपटायची. वैमानिक पंखांचे फ्लॅप आत घ्यायला जायचे आणि चुकून चाकंच आत घ्यायचे. नोंद ‘वैमानिकाची चूक’ अशी व्हायची. आल्फॉन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं तेव्हा त्याला दिसलं, की फ्लॅपचं आणि चाकांचं बटण शेजारी शेजारी आहे आणि दोन्ही हुबेहूब सारखी आहेत. दमलेला माणूस अंधारात हात घालणार, मग चूक होणारच. चापानिसने चाकांच्या बटणाला रबराचं छोटं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या बटणाला पाचरीसारखा तुकडा. डोळ्यांनी न पाहता बोटांनाच फरक कळू लागला. आज मोठ्या प्रवासी विमानांत या दोन नियंत्रणांच्या मुठींचा आकार कसा असावा, हे विमान वाहतुकीच्या नियमांतच लिहिलेलं आहे.

१९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा ४६० चुकांचा अभ्यास केला. माणसं वेंधळी असतात म्हणून सोडून न देता त्यांनी चुका गटवार मांडल्या. त्यातून कोणती चूक कोणत्या रचनेमुळे होते, हे उलगडत गेलं. यूएक्स रिसर्चर आजही हेच करतो. दोष माणसाला चिकटवायच्या आधी तो वस्तूत शोधून पाहतो.

युद्धानंतर हे शहाणपण कारखान्यांत आणि दफ्तरांत शिरलं. बेल लॅब्सने १९४५ मध्ये जॉन कार्लिन या मानसशास्त्रज्ञाला नोकरीवर घेतलं. टेलिफोनची गोल तबकडी जाऊन बटणं येणार होती, तेव्हा ती कशी मांडावीत हा प्रश्न त्यांच्या विभागाकडे आला. गोलात मांडून पाहिली, दोन ओळींत मांडून पाहिली, माणसं बसवून नंबर फिरवायला लावले, वेग आणि चुका मोजल्या. त्यातून निघालेली मांडणी १९६३ मध्ये बाजारात आली. तीन-तीनच्या ओळी, वर एक-दोन-तीन आणि तळाला शून्य. खिशातल्या मोबाइलवर डायल करायला घेतलं की आजही तीच उघडते.

पुढचं वळण एका मानववंशशास्त्रज्ञ बाईने दिलं. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात लूसी सचमन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या फोटोकॉपी यंत्रासमोर माणसांना उभं केलं आणि त्यांचं चित्रीकरण केलं. ग्राहकांची तक्रार होती की यंत्र फार किचकट आहे. चित्रीकरणात दोघं जण यंत्राच्या सूचना वाचतात, पुन्हा वाचतात, एकमेकांना विचारतात आणि गोंधळतात. त्यांतले एक अ‍ॅलन न्यूएल होते. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना १९७५ मध्येच मिळालेला होता. एवढ्या विद्वानाला ज्या यंत्रावर कॉपी काढता येत नाही, त्याच्यासमोर कारकून अडखळला तर त्याला दोष कसा द्यायचा? सचमन यांचं १९८७ चं पुस्तक या क्षेत्रात आजही वाचलं जातं. माणसं आधी योजना आखून मग पायरीपायरीने काम करतात, हे गृहीतकच त्यांनी हलवून सोडलं. माणूस समोर येईल त्यातून वाट काढत जातो, आणि ते त्याच्या शेजारी बसूनच कळतं.

मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन १९९३ मध्ये अ‍ॅपल कंपनीत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हुद्द्यात ‘युजर एक्सपिरियन्स’ हे शब्द घातले. वेबचा बाजार फुलला तसा तोच हुद्दा जगभर पसरला.

दिवसभर करतात काय?

समजा, एका बँकेच्या अ‍ॅपवर नवीन खातं उघडायला येणारे बरेच जण ओळखपत्राच्या पायरीवर अडकून निघून जातात. किती जण गेले हे आकडेवारीत दिसतं, पण का गेले ते दिसत नाही. प्रॉडक्ट मॅनेजरला वाटतं फॉर्म लांब आहे, इंजिनिअरला वाटतं नेटवर्क मंद आहे, डिझायनरला वाटतं बटणाचा रंग फिका आहे. प्रत्येकाकडे अंदाज आहे आणि प्रत्येकाची आपल्या अंदाजावर श्रद्धा आहे. यूएक्स रिसर्चर इथे येतो.

अनुभवी रिसर्चर लगेच माणसांना भेटायला धावत नाही. तो आधी टीमला विचारतो, की उत्तर मिळालं तर त्यावरून तुम्ही कोणता निर्णय घेणार आहात? निर्णयच घ्यायचा नसेल तर संशोधनाला अर्थ राहत नाही. प्रश्न पक्का झाला की पद्धत ठरते. माणसं काय म्हणतात हे ऐकायचं की काय करतात हे पाहायचं? कारण शोधायचं की प्रमाण मोजायचं? कारण हवं असेल तर मुलाखत आणि निरीक्षण, प्रमाण हवं असेल तर सर्वेक्षण किंवा वापराच्या नोंदी. या चार टोकांमध्ये डझनावारी पद्धती बसतात आणि योग्य ती निवडणं हे कसब मुरायला वर्षं लागतात.

मग माणसं शोधायची. हा भाग बाहेरून किरकोळ वाटतो, पण निम्मी मेहनत इथेच जाते. ऑफिसातले सहकारी किंवा मित्रमंडळी बोलावून चालत नाही, ज्यांच्यासाठी वस्तू बनते आहे तीच माणसं हवीत. त्यासाठी चाळणी प्रश्नावली असते, तिला या धंद्यात ‘स्क्रीनर’ म्हणतात. त्यानंतर मुलाखतीचा आराखडा, म्हणजे डिस्कशन गाइड.

मुलाखत ही खरी परीक्षा. ‘हे सोपं वाटलं ना?’ असं विचारलं की उत्तर हातात ठेवल्यासारखंच झालं. ‘आत्ता काय झालं ते सांगता का?’ असं विचारलं की माणूस स्वतःच्या शब्दांत बोलू लागतो. युजेबिलिटी टेस्टमध्ये, म्हणजे वस्तू वापरायला देऊन पाहण्याच्या चाचणीत, त्याला काम करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगतात. या पद्धतीचा पाया के. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांच्या १९८४ च्या ग्रंथाने घातला. समोरचा अडखळला की मदतीला धावून जावंसं वाटतं, नव्या रिसर्चरला तर फारच. हात आवरून, गप्प राहून, त्याला कुठे आणि का अडलं ते पाहत बसणं शिकावं लागतं. शांततेची दहा-पंधरा सेकंदं बहुतेकांना जड जातात, आणि नेमकी त्यानंतरच अनेकदा कामाची गोष्ट बाहेर येते.

किती माणसांना भेटायचं, यावरही अभ्यास झालेला आहे. जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी १९९३ मध्ये गणिती मॉडेल मांडलं. सरासरी एक माणूस वापरातल्या सुमारे ३१ टक्के अडचणी उघड करतो, आणि पाच माणसांत मिळून सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. म्हणून पंधरा जणांची एकच मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन घ्याव्यात आणि मध्ये दुरुस्त्या कराव्यात, असं नील्सन सांगत आले. हा आकडा अनेकदा चुकीच्या जागी वापरला जातो. एका प्रकारच्या वापरकर्त्यांसाठी अडचणी शोधायला पाच पुरतात. किती टक्के लोकांना अडचण येते हे सांगायचं असेल तर पाच माणसांवरून काहीच सांगता येत नाही. कुठला आकडा कुठे चालतो हे माहीत असलेला रिसर्चर बैठकीत ठामपणे बोलू शकतो. वस्तू वापरायला किती सोपी वाटते हे मोजण्यासाठी जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते, कारण ती स्वस्त आहे, झटपट होते आणि तिचे गुण कशाशी ताडून पाहायचे हे ठाऊक आहे.

शेवटी विश्लेषण. मुलाखती लिहून काढायच्या, वाक्यावाक्याला खुणा करायच्या, भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचे गट करायचे, एक धागा सापडेपर्यंत ते गट मोडायचे आणि पुन्हा बांधायचे. चाळीस पानांचा अहवाल कुणी वाचत नाही, हे पहिल्या वर्षातच कळतं. म्हणून चांगला रिसर्चर टीमलाच मुलाखतीला सोबत नेतो. सल्लागार जॅरेड स्पूल यांनी सुचवलं होतं, की टीममधल्या प्रत्येकाने दर सहा आठवड्यांत निदान दोन तास प्रत्यक्ष वापरकर्त्यांसोबत घालवावेत. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल विभागाने हा दंडक मनावर घेतला. आपल्या फॉर्मसमोर एखाद्या बाईला हतबल होताना इंजिनिअरने स्वतः पाहिलं, की वाद घालायची गरजच उरत नाही.

वाट कुठून सुरू होते

डॉक्टरकीला एमबीबीएस लागतं, वकिलीला एलएलबी. या व्यवसायाच्या दारावर असा एकच शिक्का मागत नाहीत. मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, डिझाइन, संख्याशास्त्र, पत्रकारिता, शिक्षण, ग्रंथपालन, अशा कितीतरी वाटांनी माणसं इथे येतात. बातमीदाराला प्रश्न विचारता येतात, शिक्षकाला मुलाचं अडलेलं ओळखता येतं, ग्राहकसेवेत काम केलेल्याला तक्रारीमागची गोष्ट ऐकू येते.

या वाटेचं बोलकं उदाहरण म्हणजे जेनेव्हीव बेल. आई मानववंशशास्त्रज्ञ, त्यामुळे बालपणाचा काही काळ ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांत गेला. पुढे स्टॅनफर्डमधून मानववंशशास्त्रात डॉक्टरेट. १९९८ मध्ये त्या इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीत गेल्या. सिलिकॉनच्या कंपनीत मानववंशशास्त्रज्ञाचं काम काय, हा प्रश्न तेव्हा रास्तच होता. त्या देशोदेशीच्या घरांत जाऊन माणसं यंत्रांसोबत कशी राहतात हे पाहत राहिल्या, इंटेलच्या उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचल्या आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अध्यापनाकडे वळल्या.

भारतात रीतसर शिक्षणाची सोय चांगली आहे. अहमदाबादचं राष्ट्रीय डिझाइन संस्थान १९६१ पासून आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत १९६९ मध्ये सुरू झालेलं आयडीसी आज डिझाइनचं स्वतंत्र विद्यालय आहे, तिथे इंटरॅक्शन डिझाइनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. आयआयटींतल्या अशा अभ्यासक्रमांसाठी सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. संशोधनाची शिस्त शिकायची तर समाजशास्त्राची किंवा मानसशास्त्राची चांगली पदव्युत्तर पदवीही तितकीच उपयोगी पडते. अनेक आठवड्यांची ऑनलाइन प्रमाणपत्रंही मिळतात. त्यांतून परिभाषा कळते, हात मात्र प्रत्यक्ष कामातूनच बसतो.

पायऱ्या आणि फाटे

सुरुवातीच्या हुद्द्यावर, ज्युनिअर किंवा असोसिएट म्हणून, काम आखून दिलेलं असतं. स्क्रीनर लिहा, वेळा जुळवा, टिपणं घ्या, एखाद्या बटणाची चाचणी चालवा. हा काळ कंटाळवाणा वाटू शकतो, पण हात इथेच तयार होतो. यथावकाश पूर्ण अभ्यास एकट्याने पेलण्याची जबाबदारी येते.

सिनिअर झाल्यावर कामाचं रूप पालटतं. तोवर प्रश्न वरून येत होता, आता प्रश्न कोणता विचारावा हे रिसर्चरने सांगायचं असतं. ओळखपत्राच्या पायरीवर माणसं का गळतात हा ज्युनिअरचा प्रश्न. या बँकेने पगारदारांपेक्षा भाजीविक्रेत्यांसाठी वेगळं खातं आणावं का, हा सिनिअरचा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मंडईत पहाटे उभं राहावं लागतं आणि ते उत्तर संचालकांपुढे ठामपणे मांडावंही लागतं.

पुढे रस्ता दुभंगतो. माणसं सांभाळायची आवड असेल तर मॅनेजर, मग रिसर्चचा प्रमुख: नेमणुका, अंदाजपत्रक, सहकाऱ्यांची वाढ. ती आवड नसेल तर लीड, स्टाफ किंवा प्रिन्सिपल रिसर्चर म्हणून स्वतः संशोधन करत मोठे, अवघड प्रश्न हाती घेता येतात. मोठ्या कंपन्यांत दोन्ही वाटांना सारखा मान देण्याची पद्धत आहे. छोट्या कंपनीत मात्र रिसर्चर बहुधा एकटाच असतो, आणि त्याला ज्युनिअरपासून प्रमुखापर्यंतची सगळी कामं एकाच आठवड्यात करावी लागतात.

शाखाही फुटल्या आहेत. आकडेवारीत मुरलेले क्वांटिटेटिव्ह रिसर्चर सर्वेक्षणं आणि वापराच्या नोंदी हाताळतात. संशोधनाची यंत्रणा, म्हणजे माणसांची नोंदणी, संमतिपत्रं, मानधन, जुन्या निष्कर्षांचं भांडार सांभाळणाऱ्यांची वेगळी शाखा ‘रिसर्चऑप्स’ म्हणून ओळखली जाते. केट टाउसी यांनी २०१८ मध्ये या कामातल्या लोकांना जगभरातून एकत्र आणलं, तेव्हापासून ती ठळक झाली. काही जण प्रॉडक्ट मॅनेजर होतात, काही सेवांची आखणी करतात, काही स्वतंत्र सल्लागार होतात.

सरकारी नोकरीतही हा हुद्दा असू शकतो, हे ब्रिटनने दाखवून दिलं. तिथला डिजिटल विभाग २०११ मध्ये स्थापन झाला आणि २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्या खात्यांसाठी एकच संकेतस्थळ सुरू झालं. विभागाने युजर रिसर्चर हा रीतसर सेवाप्रकार ठरवला, त्याच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला लागणारी कौशल्यं जाहीर केली. नवी सरकारी सेवा खुली करण्याआधी तिच्या वापरकर्त्यांना तुम्ही ओळखता का, हे तपासण्याचा दंडकही घातला.

सरकारी कागद वाईट रचला तर काय होतं, याचा धडा अमेरिकेने २००० साली गिरवला होता. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच परगण्यात मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं दोन्ही बाजूंना आणि मत नोंदवण्याची छिद्रं मध्ये होती. अनेक मतदारांना आपलं छिद्र कोणतं तेच नीट कळलं नाही. पॅट ब्युकॅनन या उमेदवाराला तिथे ३,४०७ मतं पडली, आणि यांतली बरीच मतं आपली नसावीत असं त्यांनी स्वतः बोलून दाखवलं. राज्याचा, आणि त्यासोबत राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल लागला तो ५३७ मतांनी. मतदानाच्या आधी ती पत्रिका काही वृद्ध मतदारांच्या हाती देऊन नुसतं पाहिलं असतं, तरी घोटाळा दिसला असता.

आपल्या मातीतले प्रश्न

भारतातल्या रिसर्चरपुढचे प्रश्न कॅलिफोर्नियातल्या पुस्तकांत सापडत नाहीत. इंद्राणी मेधी थिस यांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रियांसोबत वर्षानुवर्षं काम केलं. वाचता न येणाऱ्यांना नोकरी शोधता यावी म्हणून अक्षरांशिवाय चालणारे कॉम्प्युटरचे पडदे त्यांनी तयार केले. अक्षरं काढून चित्रं घातली की प्रश्न सुटला, असं वाटलं होतं. तो तेवढ्याने सुटला नाही. एकात एक दडलेल्या मेनूंच्या पायऱ्या उतरणंही शाळेत न गेलेल्यांना अवघड जातं, असं दिसलं. शिवाय ‘या पेटीत माझ्यासाठी नोकरीची माहिती कुठून येणार’ हेच उमगत नसेल, तर त्या पेटीला हात तरी कशाला लावायचा? म्हणून मालकीण माहिती कशी देते, ती पेटीत कशी पोहोचते आणि कामवालीला कशी मिळते, ही सगळी गोष्ट सांगणारा व्हिडिओ सुरुवातीला जोडला. त्याने फरक पडला.

दुसरा अभ्यास फोनच्या मालकीचा. फोन एका माणसाचा असतो, हे गृहीत धरून जगभरची अ‍ॅप बनतात. गूगलमध्ये असताना नित्या सांबशिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या सुमारे २०० स्त्रियांशी बोलून २०१८ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. बाईचा फोन घरात सगळ्यांचा असतो. मुलं त्यावर खेळतात, नवरा चाळतो, सासू मागते. ‘देणार नाही’ म्हणणं शक्य नसतं. मग त्या ठरावीक अ‍ॅपला कुलूप लावतात, नेमके तेवढे मेसेज किंवा शोध पुसून टाकतात, काही गोष्टी फोनवर करायच्याच टाळतात. हे कळल्यावर खासगीपणाची सोय कशी असावी याचं चित्रच बदलतं.

मराठी लिहिणाऱ्यांच्या रोजच्या ओळखीचं उदाहरण पवईचं आहे. आयडीसीतल्या अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड तयार केला. आधीच्या बऱ्याच देवनागरी कीबोर्डांवर अक्षरं शोधता शोधता माणूस थकून रोमनमध्ये मराठी लिहू लागायचा. स्वरचक्रात व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने मांडली आहेत, कारण तो क्रम शाळेत पाठ झालेला असतो. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती क, का, कि, की असं चक्र उघडतं आणि बोट सरकवलं की अक्षर उमटतं. वापरणाऱ्याच्या डोक्यात आधीच काय आहे हे नीट ओळखल्यावर रचना किती हलकी होते, ते इथे दिसतं.

म्हणूनच ज्याला मराठी नीट बोलता येतं, वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणीचा लहेजा कळतो, खेड्यातल्या ओटीवर बसून अवघडल्याशिवाय गप्पा मारता येतात, त्याच्या हाती या व्यवसायात मोठं भांडवल आहे. दुभाष्यामार्फत घेतलेल्या मुलाखतीत माणसाचा सूर हरवतो. ‘जमतं की’ म्हणताना आवाजात जी खंत असते, ती भाषा येणाऱ्यालाच ऐकू येते.

विश्वासाचा व्यवहार

अनोळखी माणूस आपलं घर, फोन, पैशाच्या अडचणी रिसर्चरसमोर उघड्या करतो. त्यामुळे संमती हा या कामाचा कणा आहे. कशासाठी बोलतो आहोत, काय रेकॉर्ड होणार, ते कोण पाहणार, मध्येच थांबलं तर चालेल, हे त्याच्या भाषेत, घाई न करता सांगायचं असतं. २०१४ मध्ये फेसबुकच्या एका प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा मोठं वादळ उठलं. २०१२ च्या जानेवारीत आठवडाभर ६,८९,००३ वापरकर्त्यांना दिसणाऱ्या पोस्टमधला आनंदी किंवा दुःखी मजकूर कमी करून त्यांच्या लिखाणावर काय परिणाम होतो हे तपासलं गेलं होतं. त्या माणसांना आपण प्रयोगात आहोत हे माहीतच नव्हतं. अशा वेळी ‘हे करू नये’ असं टीममध्ये आधी म्हणण्याची जबाबदारी रिसर्चरवर येते. भारतात २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यामुळे संमतीचं हे काम आता कायद्याच्याही चौकटीत येत आहे.

ओहोटी आणि नवी यंत्रं

या करिअरचं चित्र गुलाबी रंगवणं नव्या मुलांवर अन्याय ठरेल. करोनाकाळात तंत्रज्ञान कंपन्यांनी भराभर भरती केली आणि मग तितक्याच वेगाने कपात. फेसबुकच्या मूळ कंपनीने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ११,००० हून अधिक माणसं कमी केली, इतरांनीही तोच कित्ता गिरवला. त्यांत यूएक्स रिसर्चर मोठ्या संख्येने होते. फेसबुक आणि एअरबीएनबीमध्ये संशोधनाची जबाबदारी सांभाळलेल्या जड अँटिन यांनी २०२३ मध्ये परखड लेख लिहून आपल्याच व्यवसायाला आरसा दाखवला. रिसर्चर कंपनीची दूरची दिशा ठरवणारं संशोधनही कमी करतात आणि बटण चालतं की नाही हे झटपट तपासणारंही कमी. मधलंच, वाचायला रंजक पण निर्णयाला फारसं उपयोगी नसलेलं संशोधन जास्त होतं, असा त्यांचा रोख होता. अनेकांना तो झोंबला आणि बऱ्याच जणांना पटलाही.

त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. मुलाखती लिहून काढणं, पहिल्या खुणा करणं ही कामं यंत्र मिनिटांत करतं. ज्युनिअर लोक ज्या कामांतून शिकायचे तीच ही कामं, त्यामुळे पहिली पायरी अरुंद होते आहे. काही कंपन्या खऱ्या माणसांऐवजी यंत्राने रचलेले काल्पनिक वापरकर्ते मुलाखतीसाठी विकतात. असा वापरकर्ता न थकता उत्तरं देतो, पण त्याच्या फोनला सासू हात लावत नाही आणि रात्रीच्या अंधारात त्याचं बोट चुकीच्या बटणावर पडत नाही. आधी लिहिलं गेलेलं आहे तेवढंच त्याला ठाऊक. अजून कुणी टिपलेलं नाही ते पाहायला दारात जाऊन उभं राहणारा माणूस लागतो, आणि तंत्रज्ञान जितक्या नव्या घरांत शिरेल तितकी त्याची गरज वाढणार आहे.

सुरुवात करायची तर

नोकरीच्या मुलाखतीत पदवीपेक्षा पोर्टफोलिओ आधी पाहतात. त्यात दोन-तीन अभ्यास पुरतात, पण प्रत्येकात विचार दिसायला हवा. प्रश्न काय होता, हीच पद्धत का निवडली, कोणाला भेटलात, काय सापडलं, त्यामुळे काय बदललं आणि पुन्हा केलं तर काय वेगळं कराल. मुलाखत घेणारे बहुधा शेवटच्या दोन मुद्द्यांवर अधिक वेळ रेंगाळतात.

त्यासाठी कंपनीत असावंच लागतं असं नाही. वीजबिल भरणं, एसटीचं तिकीट काढणं, सातबारा उतारा मिळवणं, दवाखान्यातला केसपेपर काढणं, यांतली कोणतीही एक सेवा निवडता येते. ती खरोखर वापरणारी, वेगवेगळ्या वयांची पाच माणसं त्यांची रीतसर परवानगी घेऊन गाठावीत. त्यांचं काम त्यांच्या जागी, त्यांच्याच फोनवर होताना पाहावं. कुठे थांबले, काय पुटपुटले, कोणाला हाक मारली, कागदावर काय लिहून ठेवलं, ते जसंच्या तसं टिपावं. मग पाच जणांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून कोणत्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात ते पाहावं, त्यांतल्या तीन सर्वांत मोठ्या निवडाव्यात आणि प्रत्येकीसाठी एक नेमकी दुरुस्ती सुचवून सगळं एका पानात बसवावं. ते पान त्या सेवेच्या कार्यालयाला पाठवता येतं, आणि पोर्टफोलिओतला पहिला अभ्यास म्हणून नावाखाली लावताही येतं.